बाळंतिणीची खोली

त्या वर्षी होळी झाली आणि चार दिवसांत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बुलबुलांची ये-जा वाढली. खिडकीच्या ग्रिलवर मधुमालती चढवलेली आहे. भांडी विसळताना डोळ्यांसमोर तेवढंच हिरवं असतं, म्हणून माळीदादांना ती वेल मी कधी फारशी छाटू देत नाही. एका सकाळी लालबुड्या बुलबुलाच्या चोचीत कोळिष्टकाचा पुंजका दिसला. कोळिष्टक काही कोणी पोट भरायला नेत नाही. म्हणजे बांधकाम निघालं होतं.

मी स्टूल आणलं, वर चढले, पानं बाजूला सारली. अजून तळही धड झाला नव्हता. पाच-सहा काटक्या आणि त्यांना बांधून ठेवणारं जाळं, बस्. मागे सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "अगं, उतर आधी खाली. बाळंतिणीच्या खोलीत असं कुणी डोकावतं का?"

मी हसत हसत उतरले. पण त्यानंतर इतकी वर्षं घराच्या आसपासची घरटी पाहते आहे, आणि घरटं म्हणजे काय हे याहून नेमकं सांगणारं वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

'घरटं' या शब्दात 'घर' आहे आणि आपली फसगत तिथूनच सुरू होते. कावळ्याच्या शेणाच्या आणि चिमणीच्या मेणाच्या घरांची गोष्ट ऐकत आपण मोठे होतो. त्यामुळे पक्षी दिवसभर हुंदडतात आणि दिवेलागणीला घरट्यात झोपायला येतात, असं चित्र मनात पक्कं बसलेलं असतं. बुलबुल घरट्यात झोपत नाही. अंडी-पिल्लं असतील तेवढ्या दिवसांपुरती मादी तिथे रात्र काढते, एरवी दोघंही कुठल्याशा दाट फांदीवर पाय घट्ट रोवून झोपतात. तांबट आणि सुतार रात्री ढोलीत शिरतात, चिमण्याही भिंतीतली भोकं वापरतात, हे खरं. पण उघड्यावर वाटी विणणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचं घरट्याशी नातं महिन्याभराचं असतं. पिल्लं उडाली की संपलं. रिकामं घरटं पाहून "कुठे गेले गं आपले पाहुणे?" म्हणून हळहळणारे शेजारी मी पाहिले आहेत. एका काकूंनी तर रिकाम्या घरट्याशेजारी आठवडाभर तांदळाची वाटी ठेवली होती. तांदूळ खारीनं खाल्ले.

आणि त्या गोष्टीतल्या कावळ्यावर तर मोठाच अन्याय झाला आहे. पावसात वाहून जाणारं घर बांधण्याइतका तो बावळट नाही. गावकावळा एप्रिल-मेमध्येच काटक्यांचं भक्कम घरटं उभं करतो. शहरात तर तारांचे तुकडे, हँगर, काय मिळेल ते त्यात गुंफतो. तो ते कोणत्या झाडावर आणि किती उंचावर बांधतो यावरून शेतकरी पावसाचा अंदाज बांधत आले आहेत. आंब्या-करंजावर असेल तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर असेल तर बेताचा. अंदाज किती खरे ठरतात हे बाजूला ठेवू, पण तो अंदाज करायला कावळ्याचं घरटं मान वर करून नीट पाहावं लागतं. ती सवय त्या शेतकऱ्यांना होती, आपल्याला नाही.

पुन्हा मधुमालतीकडे येते. वाटी चार-पाच दिवसांत तयार झाली. बाहेरून काटक्या, वाळलेली पानं, सालीचे तुकडे. आतून बारीक मुळ्या. चहाच्या बशीत मावेल एवढी. पुढच्या तीन सकाळी एकेक करून तीन अंडी आली, फिकट गुलाबी, त्यांवर तांबूस-जांभळे शिंतोडे, जाड टोकाकडे जास्त दाट. पहिलं अंडं घातल्यावर बुलबुल त्यावर फारशी बसलीच नाही. मला वाटलं, माझ्या डोकावण्यानं बिथरली आणि घरटं सोडून गेली. तसं नव्हतं. ऊब मिळेपर्यंत अंड्यातल्या जिवाची वाढ थांबून असते. सगळी अंडी घालून होईपर्यंत न बसण्याचा फायदा असा, की तिन्ही पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर येतात, बरोबरीनं वाढतात आणि बरोबरीनं उडतात. घुबडांचं उलटं. त्यांच्यात मादी पहिल्या अंड्यापासूनच बसते, म्हणून गव्हाणी घुबडाच्या एकाच घरात थोरला, मधला, धाकटा अशी उतरंड दिसते. खायला कमी पडलं तर आधी धाकटा जातो.

बसणं सुरू झाल्यापासून साधारण तेरा-चौदा दिवस धरायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तारखेखाली पेन्सिलनं 'बु. बसली' असं लिहून ठेवलं. दुधाचा आणि इस्त्रीचा हिशोब जिथे लिहितो तिथेच. घरट्याच्या निरीक्षणासाठी दुर्बीण नसली तरी चालते, कॅलेंडर मात्र हवंच. आज कितवा दिवस हे माहीत असलं की समोर काय चाललंय ते उमगतं. माहीत नसलं, तर सगळे दिवस सारखेच.

या दिवसांत बसणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्या दाटतात. त्या उघड्या जागेनं अंडी शेकली जातात. मधूनमधून ती चोचीनं अंडी फिरवते, म्हणजे शेक सगळीकडून लागतो. आपण याला 'उबवणं' म्हणतो. पण पुण्यातला एप्रिल म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. दुपारी दोनला ग्रिलवर ऊन आलं की बुलबुल बसलेली नसायची, उभी असायची. पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी, गळा भराभर हलतोय. अंड्यांना ऊब देत नव्हती ती, सावली धरून होती. खाली तीन अंडी आणि वर छत्रीसारखी ती, आणि मी ओट्यापाशी पंखा लावून उभी.

तेराव्या दिवशी सकाळी घरट्याच्या काठावर कवचाची अर्धी वाटी दिसली, आणि पाहता पाहता ती उचलून नेली गेली. पांढरं कवच घरट्यात राहणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं. आत तीन गुलाबी, उघडी, आंधळी मांसाची बोटं. त्यांच्यावर फुंकर घातली तर कदाचित फाटतील असं वाटावं. पण घरट्याला जरासा धक्का लागला की तिन्ही माना एकदम वर आणि तीन चोची वासलेल्या. आतून लालभडक, कडेनं पिवळी किनार. ज्याला डोळे नाहीत त्याचं सगळं शरीर म्हणजे तोंडच. त्या रंगाकडे पाहून आई-बापांना भरवल्याशिवाय राहवत नाही. आपण त्याला माया म्हणतो. म्हणायला हरकत नाही.

एका रविवारी सकाळी सात ते आठ मी गॅसपाशी वही घेऊन बसले. एका तासात दोघांच्या मिळून अकरा फेऱ्या. बुलबुल एरवी फळांवर जगणारा पक्षी. वड-पिंपळाची फळं, पेरू, काय असेल ते. पण पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे लागतात, कारण वाढीला प्रथिनं हवीत. अळ्या, नाकतोडे, कोळी. एकदा आणलेली अळी पिल्लाच्या तोंडात मावेना. बापानं (की आईनं, बुलबुलांत नर-मादी सारखेच दिसतात) ती परत ओढली, काठावर दोनदा आपटली, शेजारच्याच्या तोंडात घालून पाहिली, पुन्हा काढली, आणि तिसऱ्याच्या घशात सारली. ती गिळली गेली. मग तो गेला नाही. मान तिरकी करून थांबला. ज्याला घास मिळाला त्यानं पाठ फिरवली, ढुंगण वर केलं आणि एक पांढरट, चकचकीत गोळी बाहेर आली. पातळ आवरणातली विष्ठा, अगदी पुडी बांधल्यासारखी. ती त्यानं चोचीत धरली आणि गिळून टाकली.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी "शी!" म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचे लंगोट मी दिवसाला वीस धुवायचे." लहान पिल्लांचं पचन अजून कच्चं असतं, त्यामुळे त्या पुडीत बरंच अन्न शिल्लक राहतं, आई-बापांचा तेवढाच नाश्ता. पिल्लं मोठी झाली की ते ती पुडी दूर नेऊन टाकतात. घरटं स्वच्छ राहतं, वास सुटत नाही, खाली डाग पडून कुणाला सुगावा लागत नाही.

आता यापुढचं लिहायला मला अजून जड जातं. सहाव्या दिवशी पिल्लांचे डोळे उघडू लागले होते आणि पंखांवर निळसर काड्या फुटल्या होत्या. पिसं आधी अशा बंद नळ्यांतून येतात. मला त्या नळ्यांचा फोटो हवा होता. समोरच्या दोन डहाळ्या आड येत होत्या, त्या मी दोऱ्यानं बाजूला बांधल्या. फोटो चांगला आला. दोरा सोडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रिलवर भारद्वाज उतरला. आमच्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं मानतात. सासऱ्यांनी तर हात जोडले. त्यानं मान खाली घातली आणि एकेक करून तिन्ही पिल्लं नेली. बुलबुल दोघं त्याच्या डोक्यावर झेपा घेत ओरडत होते. पाच मिनिटांत सगळं संपलं.

माझ्या दोऱ्यामुळेच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. उघड्या वाटीतली निम्म्याहून अधिक घरटी अशीच मोडतात. कावळा, भारद्वाज, टकाचोर, मांजर, सरडा, धामण, उंदीर, सगळ्यांना बुलबुलाची अंडी-पिल्लं चालतात. म्हणूनच बुलबुल एका हंगामात पुन्हा पुन्हा घरटं घालतात. त्या जोडीनंही पंधरवड्याच्या आत खालच्या मजल्यावरच्या कढीपत्त्यात नवी वाटी विणली आणि त्यातली दोन उडालीसुद्धा. पण पानांचा आडोसा मी काढला होता, हेही खरंच. कावळ्यासारखे पक्षी माणसांवर डोळा ठेवून असतात. आपण जिथे वारंवार जाऊन वाकून पाहतो, तिथे काहीतरी आहे हे ते ओळखतात. बाळंतिणीच्या खोलीत दिवा मंद, दार लोटलेलं आणि पाहुण्यांना मज्जाव का असतो, ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझे नियम सोपे आहेत. काचेआडून पाहायचं. पानांचा पडदा जसा असेल तसा राहू द्यायचा. फ्लॅश नाही, छाटणी नाही, आणि घरट्यात दिवसातून दोनदाच्या वर नजर टाकायची नाही. कायद्याचंही मत सासूबाईंसारखंच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं येतं.

ज्यांच्या खिडकीत मधुमालती नाही त्यांनी नाराज होऊ नये. पारवा सगळ्यांना मिळतो. मला स्वतःला पारवे फारसे आवडत नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत गेली तर फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि गॅलरीत एकदा त्यांचं बस्तान बसलं की उठवणं मुश्कील. पण एसीच्या मागे चार काड्या टाकून त्यांनी दोन पांढरी अंडी घातलीच असतील, तर महिनाभर थांबा आणि बघा. साडेनऊ-दहाला नर येऊन बसतो, संध्याकाळी मादी त्याला उठवते आणि रात्रभर तीच बसते. घड्याळ लावून घ्यावं अशी पाळी. सतरा-अठरा दिवसांनी पिवळ्या लवेची, फताड्या चोचीची, दिसायला अगदीच कुरूप अशी पिल्लं निघतात. त्यांना पहिल्या दिवसांत दूध मिळतं. खरंच दूध म्हणावं असं. आई-बाप दोघांच्याही गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी सुटून दह्याच्या चोथ्यासारखा लगदा तयार होतो, प्रथिनं आणि स्निग्धांशानं भरलेला. ज्या संप्रेरकामुळे बाईला पान्हा फुटतो, तेच प्रोलॅक्टिन इथे काम करतं, आणि बापातही करतं. पाव्हण्या-रावळ्यांत हे सांगितलं की एखादा नवा बाप हमखास खजील होतो.

पारव्याचं पिल्लू कधी दिसत नाही, असं अनेक जण म्हणतात. कारण एवढंच, की ते महिनाभर घरट्यातून हलत नाही आणि निघतं तेव्हा जवळजवळ आई-बापांएवढं झालेलं असतं.

चिमणीचं घर मात्र आपणच मोडलं. जुन्या वाड्यांत कडीपाटाच्या फटी असत, वाशांची टोकं असत, आणि भिंतीला तिरप्या लावलेल्या तसबिरी असत. पणजोबांच्या तसबिरीमागे चिमणीचं घरटं हे मराठी घराचं इतकं ओळखीचं चित्र आहे, की खाली पडलेलं गवत झाडता झाडता बायकांच्या दोन पिढ्या गेल्या. मुलं पंखा लावायला गेली की आजी ओरडायची, "थांब रे, चिमणी आत आहे." आताच्या गुळगुळीत भिंतींना फट नाही, आणि खिडकीला जाळी. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीनं पुढाकार घेतल्यावर 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिवस साजरा होतो, त्यानंतर लाकडी घरट्यांची खोकी सगळीकडे मिळू लागली. खोकं घेणार असाल तर भोक सव्वा इंचाचं, म्हणजे 32 मिलिमीटरचं, बघून घ्या. त्याहून मोठं असलं की साळुंकी शिरते. बाहेर बसायला काडी नको, ती कावळ्याच्या सोयीची होते. तोंड पश्चिमेला नको. आणि खोकं लावून भागत नाही. चिमणीच्या पिल्लांनाही किडे लागतात, म्हणून आसपास एखादं वेडंवाकडं वाढलेलं झुडूप राहू द्यावं लागतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा शेवटचा मुद्दा कधीच पास होत नाही.

घराजवळच्या घरट्यावरून मोठं शोधकाम करणारा माणूस म्हणजे सालिम अली. लहानपणी, 1906-07 च्या सुमारास, मुंबईच्या खेतवाडीत घराच्या तबेल्यात एका भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली होती आणि नर बाहेरच्या खिळ्यावर पहाऱ्याला. पोरगेल्या सालिमनं छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्या नराला टिपलं. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर गाठला, तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपलं. सात दिवसांत आठ नर गेले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण ही नोंद त्यानं तेव्हाच लिहून ठेवली होती हे महत्त्वाचं. पुढे जर्मनीहून शिकून परतल्यावर, 1930 मध्ये नोकरी नसताना, ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते आडोसा करून बसले आणि या वेळी बंदूक नव्हती. पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा लेख आला.

त्यांनी पाहिलं ते असं. खोपा नर विणतो. अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसू लागला, की तो थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत बसून पाहते, ओढून-ताणून बघते आणि नापसंत असेल तर निघून जाते. पसंत पडला तर जोडी जमते, नर उरलेला खोपा आणि बोगदा पुरा करून देतो. आणि मग हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. पहिली आपली अंडी-पिल्लं सांभाळत बसते.

म्हणजे ज्याला आपण सुगरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतलं, तो सुगरण्या निघाला. आपल्या भाषेनं पक्ष्यांची लिंगं अशी बरीच उलटीपालटी केली आहेत. 'कोकिळा गाते' म्हणतो, पण चैत्रात कुहू घालतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. ठिपकेदार मादीला फक्त किक्-किक् करता येतं, आणि ती कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकायच्या घाईत असते. तिच्या अंड्यातून बारा-चौदा दिवसांत पिल्लू निघतं, कावळ्याच्या अंड्याला सोळा-सतरा लागतात. आधी आलेल्याला घास आधी. आणि 'शिंपी' म्हणतो, तिथे शिवणकाम बहुतेक करून मादीच करते. कुणीतरी खिडकीत बसून नीट पाहिलं असतं तर नावं बरोबर पडली असती, असं म्हणायचा मोह होतो. पण नाव देणाऱ्यानं स्वतःच्या घरात जे पाहिलं तेच वर झाडावर चिकटवलं. विणकाम सुंदर, म्हणजे सुगरण असणार. शिलाई मशीनवर कोण बसलेलं असतं? शिंपी.

शिंप्याकडे वळण्याआधी एक नेहमीचा प्रश्न. मे-जूनमध्ये मला फोन येतात: पिल्लू खाली पडलंय, काय करू? मी आधी विचारते, अंगावर पिसं आहेत का? उघडं, डोळे मिटलेलं असेल तर ते घरट्यातून पडलेलं आहे. हळूच उचलून परत ठेवायचं. माणसाचा हात लागला तर आई टाकून देते, हे खोटं आहे. ती पिल्लू ओळखते ते आवाजानं आणि जागेनं. घरटंच कोसळलं असेल तर आइस्क्रीमच्या डब्याला तळाशी भोकं पाडावीत, आत उरलंसुरलं घरटं ठेवावं आणि त्याच फांदीला बांधावं. आई-बाप बहुतेक वेळा येतात. पण पिसं आलेली, शेपटी आखूड, टुणटुण उड्या मारतंय, असं असेल तर ते पडलेलं नाही. ते निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं बाराव्या-तेराव्या दिवशी घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांना धड उडताही येत नाही. आई-बाप आसपास असतात, भरवत असतात. तुम्ही फक्त त्याला उचलून झुडपावर ठेवा आणि मांजराला घरात कोंडा. ड्रॉपरनं दूध पाजू नका. पक्ष्याला दूध पचत नाही, आणि चोचीत सोडलेला थेंब श्वासनळीत गेला तर तिथेच संपतं.

शिंपीण आमच्याकडे श्रावणात आली. गॅलरीला टेकून सोसायटीचं बदामाचं झाड आहे, त्याच्या खालच्या फांदीवर. ती आली हे मला चार दिवस कळलंच नाही. कळलं ते वेगळ्याच भांडणातून. श्रावणात सासूबाई लाख वातींचा संकल्प सोडतात. दुपारी गॅलरीत आरामखुर्चीत बसून, पायांवर तबक घेऊन वाती वळतात. शंभराची एक जुडी. त्या वर्षी जुडीत कधी अठ्ठ्याण्णव, कधी पंच्याण्णव भरू लागल्या. त्यांचा मोजणीवर विश्वास, माझा त्यांच्या चष्म्यावर नाही. घरात दोन दिवस ताणलेलं वातावरण होतं.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीशी होते. चिमणीहूनही लहान, तांबूस टोपीचा, शेपटी उभी धरलेला पक्षी तबकाच्या कडेवर उतरला. सासूबाईंचा डोळा लागला होता. त्यानं एक वात उचलली आणि गेला. मी त्याच्या मागे नजर लावली. बदामाचं एक मोठं पान कडेनं वळून आत कोनासारखं झालं होतं. एक पान वळून ते पुरलं नाही म्हणून शेजारचं दुसरं जोडलेलं. चोचीच्या टोकानं पानाच्या कडेला सुईच्या अग्राएवढं भोक. इतकं बारीक की पान तिथे करपत नाही, हिरवंच राहतं, आणि म्हणूनच घरटं दिसत नाही. त्या भोकातून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवला जातो. गाठ मारलेली नसते. धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला फुगतं आणि बटणासारखं अडकून बसतं. असे टाके कडेनं खालून वर. पानाची वरची, तुकतुकीत बाजू बाहेर, त्यामुळे पाऊस पडला तरी घरंगळून जातो. मग आत कापसाची गादी.

मी सासूबाईंना उठवलं नाही. ती पाच वेळा आली, तीनदा वात घेऊन गेली. शेवटच्या वेळी वातीचं एक टोक तबकात अडकलं, तिनं मागे रेलून, पाय रोवून ओढलं, आणि वात सुटली तेव्हा तोल जाऊन जवळजवळ उताणी पडली. मग संध्याकाळी मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बदामाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून तबकाच्या कोपऱ्यात चार वाती वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. संकल्पाचं काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, "जुडी मोजायची माझी मी बघते."

त्यातून तीन पिल्लं उडाली. बारा दिवस बसणं, दोन आठवडे भरवणं, सगळं कॅलेंडरवर आहे. यात मला एकदाही स्टूल लागलं नाही. दोन्ही पालक किडे आणत, आणि त्यांच्या इवल्या शरीराच्या मानानं प्रचंड आवाजात टुविट-टुविट ओरडत. नवरात्र आलं तोवर पान पिवळं पडून वाकलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाऱ्यानं ते गॅलरीत येऊन पडलं, घरट्यासकट.

आम्ही वर्तमानपत्र पसरलं आणि बसलो. सासूबाईंनी चष्मा पुसला. दोन पानं, त्यांच्या कडेनं मी मोजले ते एकतीस टाके. आत केसांचे दोन-तीन धागे, बहुतेक माझेच, आणि कापूस, चांगला मूठभर. वाती पिंजून पिंजून अगदी मऊ केलेल्या. कुठे पीळ म्हणून शिल्लक नव्हता. सासूबाईंनी त्यातला एक धागा चिमटीत धरला, सवयीनं मांडीवर ठेवून तळव्यानं एकदा वळून पाहिला.

"सगळ्या सोडवलीन् की गं," त्या म्हणाल्या, "एवढ्या घट्ट वळल्या होत्या मी."